शंभर पांढऱ्या वाट्या

कार्तिक लागला की घरात कुणाला सर्दी होते, कुणाचे गुडघे धरतात. मला लाज वाटायला लागते. हे गंमत म्हणून लिहीत नाही. दिवाळीचे आकाशकंदील उतरतात, देवासच्या सकाळीला पहिला गारवा येतो, हातगाडीवर उकडलेल्या काळ्या शिंगाड्यांचा ढीग दिसायला लागतो, आणि माझ्या पोटात काहीतरी आवळून येतं. नवरा विचारतो, "ॲसिडिटी?" मी हो म्हणते. सोपं पडतं.

मग धारहून आत्याचा फोन येतो. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, आयुष्यभर शाळेत शिकवलं, आता ऐंशीची आहे आणि एका औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ऐटीत राहते. त्रिपुरी पौर्णिमेला जाळायची साडेसातशे पदरांची वात ती अजून स्वतः वळते. "चारशे पदर झाले गं," ती सांगते. "यंदा कापूस बरा नाही. फार तुटतो." आमच्या घराण्यातली माणसं कधीकाळी संस्थानच्या दप्तरात होती, दप्तरं गेली, पण मोजून आणि वेळेवर करायची सवय आत्याच्या बोटांत राहिली आहे. मी फोन कानाला धरून "हो, हो" करते. कार्तिकात मी आत्याशी कमी बोलते. का, ते पुढे येईलच.

आमच्याकडे मराठी बोलतात सगळे, वाचतात मोजके. माझी मुलगी मराठी पुस्तक हातात घेतलं की दुसऱ्या पानावर जांभई देते. तेव्हा हे मी मराठीत लिहिते आहे त्यात माझी एक भित्री आशाही आहे, की देवासात हे फारसं कुणी वाचणार नाही. आधीच सांगून टाकलेलं बरं.

मी शाळेत भूगोल शिकवते. समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्या मुलांना समुद्र शिकवणं हे एक विचित्र काम आहे. नकाशावर नर्मदेच्या निळ्या रेघेवर बोट ठेवायचं आणि पश्चिमेकडे सरकवत न्यायचं. बोट खंबातच्या आखातात पोचलं की मुलं सुटकेचा श्वास टाकतात. एकदा एका मुलीने विचारलं होतं, "मॅम, अपना कचरा भी वहीं जाता है?" मी म्हटलं, "सब वहीं जाता है." वर्ग हसला. मीही हसले.

हे पाण्याच्या वाटेचं वेड मला वडिलांनी लावलं. धार हे तळ्यांचं गाव. लहानपणी कार्तिकस्नानाला आम्ही पहाटे तळ्यावर जायचो, दात वाजत असायचे, आणि आईने सोडलेला पळसाच्या पानाचा द्रोण दिवा घेऊन हळूहळू लांब जायचा. दुसऱ्या दिवशी तो काठाला लागलेला असायचा, भिजून मऊ झालेला, कडा माशांनी कुरतडलेला. दोन दिवसांनी तोही नसायचा. रविवारी वडील स्कूटरवरून नालछ्याच्या बाजूला न्यायचे. रस्त्यात एका उंचवट्यावर गाडी थांबवायचे आणि म्हणायचे, "इकडे पडलेला थेंब चंबळेत जाणार, तिकडे पडलेला नर्मदेत. एक पूर्वेच्या समुद्राला, एक पश्चिमेच्या. आणि दोघं शेजारी होते, बघ." मला ते फार मोठं वाटायचं. दोन्ही बाजूंना सारखीच काळी माती आणि सारखीच हरभऱ्याची शेतं असायची, तरी मी डोळे फाडून बघायची.

खरा समुद्र मी पाहिला तो लग्नानंतर. भरतीने वाळूवर आणून टाकलेली एक लांबच लांब रांग होती: बाटल्यांची बुचं, चपला, पिशव्या, थर्माकोलचे गोळे. मी वाकून एक पिशवी उलटी केली तर तिच्यावर हिंदीत एका दुधाच्या डेअरीचं नाव होतं. कुठली डेअरी ते वाचता आलं नाही, पण ती माझ्याच बाजूची आहे असं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. काहीतरी आपल्याला शोधत आल्यासारखं वाटलं.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मी कॅमेरा घेतला. शाळा सुटल्यावर देवासच्या बायपासवर बाभळींवर अडकलेल्या पिशव्यांचे फोटो काढायची. लोक गाडी हळू करून बघायचे, की ही मास्तरीण काट्यांत काय शोधते आहे. एक गोष्ट तेव्हाच माझ्या लक्षात आली आणि ती कुणी सांगत नाही: प्लास्टिकचा फोटो फार सुंदर येतो. उन्हात पिशवीतून उजेड गाळून येतो. पाण्यातल्या फाटक्या पन्नीला पाकळ्यांसारखे पदर सुटतात. लोक फोटो बघून "वा!" म्हणतात, आणि "वा!" म्हटल्यावर माणसाला पुढचं काही वाटायची गरज उरत नाही. मला ती "वा!" आवडायला लागली. कलेने लोकांना जागं करायचं असं मी सगळीकडे सांगत होते, आणि स्वतः मात्र त्या एका अक्षरासाठी उन्हात उभी राहत होते.

अशात एका किनाऱ्यावरच्या शहरातून पत्र आलं. समुद्रातल्या प्लास्टिकवर कलात्मक छायाचित्रांचं प्रदर्शन भरणार होतं. बाकी सगळे समुद्राकाठचे. मी ठरवलं, आपण उगम दाखवायचा. समुद्रातलं प्लास्टिक समुद्रात जन्मत नाही, ते आमच्यासारख्या समुद्र न बघितलेल्या गावांतून निघतं. कल्पना चांगली होती. अजूनही चांगलीच वाटते, आणि तोच तर वैताग आहे.

दर कार्तिकात आमच्या मराठी मंडळाची बस नर्मदेवर दीपदानाला जाते. घाटाचं नाव लिहीत नाही; माझ्यामुळे तिथे झालं तेवढं पुरे. दरवर्षीप्रमाणे त्या वर्षीही आत्या धारहून आली होती, मांडीवर तिची त्रिपुरी वात तुपात भिजवून डब्यात घेऊन. बसमध्ये डिंकाचे लाडू फिरत होते, मागच्या बाकांवर भेंड्या चालल्या होत्या, सीताफळाच्या बिया खिडकीतून बाहेर पडत होत्या. कन्नौदला चहासाठी बस थांबली. मंडळी उतरली आणि बाजारात शिरली, आणि भंडाऱ्याच्या जेवणावळींचं सामान विकणाऱ्या दुकानातून दिवे सोडायला थर्माकोलच्या वाट्या घेऊन आली. दरवर्षीच घ्यायची. पानाचे द्रोण म्हणे गळतात, कणकेचा दिवा कलंडतो, आणि आपला दिवा आपल्यासमोर विझला की मनाला लागतं. आमची माणसं शकुनाला फार जपतात. वाट्यांवर पेनने घरच्यांची नावं लिहायचीही पद्धत पडली होती.

मीही घेतल्या. शंभर वाट्या, एका खोक्यात. ड्रायव्हरला म्हटलं, "भिया, डिक्की नको, दबून जातील." मग खोकं आत्याच्या पायाशी ठेवलं.

माझा विचार असा होता, की संध्याकाळी पात्रात पांढऱ्या वाट्यांची एक वाट दिसेल, पश्चिमेकडे जाणारी, समुद्राकडे. आमच्या मंडळींच्या वाट्या इथे तिथे विखुरल्या असत्या. मला ओळ हवी होती. नाववाल्या काकांना पुढे थांबायला सांगितलं होतं, सगळ्या वेचून परत आणायच्या म्हणून. हे मी मनाशी दहा वेळा म्हटलं: सगळ्या वेचून परत.

घाटाच्या तिसऱ्या पायरीवर सुगनबाई बसायची. साठीच्या घरातली, काळी, ताठ पाठीची बाई. जंगलातून पळसाची पानं आणून काडीने टाचून द्रोण करायची, त्यात झेंडूचं फूल आणि वात ठेवून विकायची. पळसाला ती खाखरा म्हणे. त्या पायरीवर तिची सासू बसायची, आणि सासूनंतर ती. आत्या दरवर्षी तिच्याकडूनच दिवा घ्यायची, वाट्यांना हात लावायची नाही. दोघी एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी करायच्या.

उजेड उतरत होता. मी पायऱ्यांवर कॅमेऱ्याचं तिकाटणं मांडून बघितलं तर चौकट रिकामी वाटली. वाट्या होत्या, नदी होती, माणूस नव्हता. आमच्या मंडळातले लोक पाण्यात उभे राहून वाट्या सोडत होते. पांढरे सदरे, जरीच्या साड्या, जोडप्याने नमस्कार. कॅमेरा त्यांच्याकडे वळवला असता तर खरा फोटो मिळाला असता. पण तिथे माझ्या नणंदेचे यजमान होते, मुलीच्या ट्यूशनच्या बाई होत्या, मंडळाचे सचिव होते. आपल्या माणसांना कसं दाखवायचं? घाटाच्या वरच्या दुकानांतही वाट्यांच्या माळा टांगलेल्या होत्या. पण दुकानाचा फोटो सुंदर येत नाही.

सुगनबाईचा चेहरा सुंदर होता.

मी खाली गेले आणि तिच्या टोपलीतले द्रोण बाजूला काढून त्यात माझ्या वाट्या रचल्या. प्रत्येकीत दिवा लावला. पांढऱ्या वाट्या आतून उजळल्या आणि तिचा चेहरा खालून सोनेरी झाला. ती वाट्यांकडे बघत राहिली. "यो काई लाई, बेन?"

"फोटो के लिए, बाई. थोड़ी देर बस."

"पत्तो तो मछली खई जाय. इनी वाटकी के कुण खायगो?"

हे वाक्य मी ऐकलं. नीट ऐकलं. पुढे मी जितकी भाषणं दिली त्यांतल्या कुठल्याही वाक्यापेक्षा ते चांगलं होतं. आणि मी काय म्हटलं? "बाई, हिलना मत."

घाटावर कुणी काही मागितलं तर नाही म्हणायचं नाही, असं त्या बाजूच्या बायका मानतात. हे मला ठाऊक होतं. ती हलली नाही. अंधारत आलं होतं, शटर दोन-तीन सेकंद उघडं ठेवावं लागत होतं. मी पुन्हा पुन्हा सांगत होते, अजून एक, अजून एक. शेवटी ती ओठ न हलवता म्हणाली, "साँस तो लेने दे, बेन." आम्ही दोघी हसलो. तिच्या मागे नदीवर मी सोडलेल्या उरलेल्या वाट्या ओळीने चालल्या होत्या, अगदी मला हव्या होत्या तशा.

वारा उलटला आणि वाट्या पांगल्या. टोपलीतल्या घाईघाईने खोक्यात भरल्या. पाण्यातल्यांपैकी काकांनी जेवढ्या दिसल्या तेवढ्या वेचल्या; निम्म्याही परत आल्या नाहीत. बस सुटायची वेळ झाली होती. मी स्वतःला सांगितलं, की या गावात रोज एवढ्या वाट्या सुटतात, त्यात माझ्या कितीशा.

फोटो निवडला गेला. प्रदर्शनात दाराशीच लावला होता, माणसाच्या उंचीएवढा. त्याच्याखालच्या ओळी मीच लिहून पाठवल्या होत्या: "नर्मदेच्या घाटावर दिवे विकणारी स्त्री. तिच्या मागे तरंगणाऱ्या वाट्या समुद्राच्या वाटेवर आहेत." एकेक वाक्य सुटं घेऊन बघा, त्यात खोटं सापडणार नाही. ती दिवे विकायची. वाट्या तिच्या मागे होत्या. नदी समुद्रालाच जाते. वाटेत धरणं आहेत, अख्खी वाटी पोचणार नाही, पण तिचे तुकडे होतील, तुकड्यांचे दाणे होतील, आणि दाणे आज ना उद्या पोचतीलच. भूगोलाच्या बाईने तेवढा हिशेब केला होता. दोन वाक्यं शेजारी ठेवली की मात्र वाचणाऱ्याला कळायचं, की वाट्या या बाईच्या आहेत. ते मी कुठेही लिहिलं नव्हतं. फक्त तसं कळू दिलं.

फोटोपुढे लोक थांबत होते. एक तरुण मुलगी रडली. परत आल्यावर वर्तमानपत्रात फोटो आला, फोनाफोनी झाली, शाळेत सत्कार झाला. फोनवरून फोनवर तो फोटो फिरत राहिला. फिरता फिरता पुन्हा नर्मदेवर पोचला, हे मात्र मला पुढच्या कार्तिकात कळलं.

मंडळाची बस घाटाच्या तोंडाशी वळली आणि समोर भलामोठा फ्लेक्स होता. "माँ नर्मदा को मैला करने वालों से दीपक न लें." खाली सुगनबाईचा चेहरा, सोनेरी, वाट्यांच्या टोपलीवर वाकलेला. घाट समितीने लावला होता.

आता जे लिहिते ते अजून कुणालाही सांगितलेलं नाही. फ्लेक्स बघितल्यावर पहिला विचार माझ्या मनात आला तो असा, की छपाईत पिवळा फार चढवला आहे. दुसरा असा, की माझं नाव कुठे दिसत नाही. मी खरंच कोपऱ्यात शोधलं. सुगनबाई मनात आली ती तिसऱ्यांदा.

बस थांबली. मंडळी उतरून जाऊन आली आणि सांगू लागली, की वाट्या बंद झाल्यात, दुकानवाल्यांनी भीतीने माळा काढल्यात, घाट कसा लख्ख झालाय. "तुमच्या फोटोने कमाल केली हो!" सचिव म्हणाले. आणि ती बाई? तिला म्हणे समितीने उठवलं. तिने पानाचे द्रोण दाखवले, हात जोडले; पण येणारा जाणारा फ्लेक्सकडे बघायचा, मग तिच्याकडे, आणि पुढे जायचा. काही दिवसांनी ती दिसेनाशी झाली.

मी बसमधून उतरलेच नाही. डोकं दुखतंय म्हणून बसून राहिले.

त्यानंतर दोन वर्षं मी शाळाशाळांत भाषणं देत होते. एका फोटोने एक घाट कसा स्वच्छ झाला, हे पडद्यावर दाखवत होते. आणि हे खोटं नव्हतं, मुळीच नव्हतं. घाट स्वच्छ झाला होता. आमच्या मंडळाच्या लोकांनीही वाट्या घेणं बंद केलं. फोटो खोटा असता आणि वायाही गेला असता, तर मला पश्चात्ताप करणं सोपं गेलं असतं. पण तो कामी आला. समुद्रात जाणाऱ्या कितीतरी वाट्या त्याने थांबवल्या असतील, आणि त्यासाठी ज्या एका बाईने आयुष्यात कधी वाटी विकली नाही तिलाच उठवलं. पुष्कळांचं भलं झालं असं म्हणून मी कूस बदलायची. मग झोप यायची नाही.

आत्या त्या दोन्ही वर्षी गुडघ्यांमुळे बसमध्ये नव्हती. तिला काही कळलं नव्हतं. गेल्या वर्षी दसऱ्यानंतर ती डोळ्यांच्या डॉक्टरकडे म्हणून देवासला आली. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, आणि आमच्या दिवाणखान्यात बसल्या बसल्या तिने भिंतीवरचा फोटो पहिल्यांदाच स्वच्छ पाहिला. बराच वेळ पाहिला. मी मटार सोलत होते.

"ही सुगन."

"हो."

"या वाट्या त्या खोक्यातल्या ना? माझ्या पायाशी होत्या, कन्नौदपासून."

मी मान हलवली.

"मग तिच्या टोपलीत कशाला घातल्यास?"

मी सगळं सांगितलं. फ्लेक्स, तिला उठवलं ते, मी बसमधून उतरले नाही तेही. आत्या चिडेल असं वाटलं होतं. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "अगं, तू माझ्या भावाची मुलगी," ती म्हणाली. "जाऊन ये. मला पुन्हा सांगायला लावू नकोस." आणि सोललेले मटार स्वतःकडे ओढून घेऊन निवडायला लागली. मला तिच्याकडे बघवेना.

मी गेले. कॅमेरा घेतला नाही. घाटावरच्या चहावाल्याकडे चौकशी केली. फ्लेक्स उतरला होता. चहावाल्याने तोच छपराला ताणला होता, छापलेली बाजू आतून. बाकावर बसून वर बघितलं तर सुगनबाई, धुराने काळवंडलेली, गिऱ्हाइकांच्या डोक्यावर. "वो तो बेटी के घर गई, उदयनगर तरफ," तो कपात चहा ओतत म्हणाला. त्याने वर बघितलंही नाही.

उदयनगरची वाट जंगलातून जाते. पळसाची झाडं दोन्ही अंगांना होती. सुगनबाई लेकीच्या अंगणात पत्रावळी टाचत बसली होती, पाठ तशीच ताठ. तिने मला लगेच ओळखलं आणि हातातलं काम थांबवलं नाही.

मी बोलायला लागले. हिंदीत चांगलं बोलते मी, भाषणांची सवय आहे. पण तिथे शब्द सुचेनात. मैंने, वो वाटी, मेरी गलती, असं तुकड्यातुकड्यांत. तिने ऐकून घेतलं.

"म्हारो मूंडो वां टांग्यो, बेन," ती म्हणाली. "नरबदाजी के सामने. म्हारी सासू जां बैठती थी."

"वो फ्लेक्स मैंने देखा था."

तिचा हात थांबला. "तू आई थी?"

"बस में थी."

"नीचे उतरी?"

"नहीं."

ती पुन्हा पान टाचायला लागली. झाडांतून ऊन तिच्या हातांवर पडत होतं, शिरा आणि काडी आणि पान. आणि माझ्या डोक्यात चौकट तयार झाली. इतकं सगळं चाललं असताना. मी नजर दुसरीकडे वळवली. माझ्या डोळ्यांचीच मला किळस आली.

"नवा फोटो निकालूँ क्या, बाई? पत्तेवाला? सबको दिखाऊँगी, कि असल में..."

"फोटो नी," ती म्हणाली. "मूंडा से बोल. वां. पूनम के दन, सब के सामने."

त्रिपुरी पौर्णिमेला घाटावर आरतीआधी दोन शब्द बोलण्याची वेळ मी समितीकडे मागितली. त्यांनी आनंदाने दिली. फोटोवाल्या मॅडम म्हणून मला ते ओळखत होतेच. सुगनबाईला मी लेकीच्या घरून गाडीत घेऊन आले. रस्ताभर ती खिडकीबाहेर बघत होती. आत्याने पाठवलेली त्रिपुरी वात माझ्या पिशवीत होती. ती सुगनबाईच्या हातांनी जाळायची, असा तिचा निरोप होता.

माईक हातात आला. मी म्हटलं, वाट्या माझ्या होत्या. कन्नौदहून मी आणल्या, सुगनबाईच्या टोपलीत मी घातल्या, आणि निम्म्या नदीत वाहू दिल्या. वाट्या सोडणारे आम्ही होतो, गावाहून बसने येणारे. ही बाई आणि हिची सासू जन्मभर पानाचे द्रोण विकत आल्या. तिने मला तेव्हाच विचारलं होतं, की ही वाटी कोण खाणार. तिचा चेहरा तुम्ही माझ्यामुळे टांगला, तिला माझ्यामुळे उठवलं. आणि मी तीन वर्षं गप्प बसले.

आमच्या मंडळाची माणसं समोरच होती. सचिवांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता कुणीतरी ओरडेल. ओरडावं असं वाटत होतं. मी त्याच्यासाठीच आले होते.

समितीच्या अध्यक्षांनी माईक घेतला. "ऐसा सच बोलने के लिए कलेजा लगता है," ते म्हणाले. "मैडम के लिए जोरदार तालियाँ!" आणि टाळ्या पडल्या. खऱ्या, मनापासूनच्या टाळ्या. कुणीतरी शाल आणि श्रीफळ आणलं. मी "नको, नको" म्हणत होते, पण शाल खांद्यावर आली, नारळ हातात आला. मी सुगनबाईला शोधलं. ती गर्दीच्या कडेला उभी होती. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

मी खाली उतरले, तिचा हात धरला आणि तिला तिसऱ्या पायरीशी नेलं. तिथे दुसरी एक बाई बसली होती. तिशीची असेल, कडेवर मूल, पुढ्यात टोपली. टोपलीत पानाचे द्रोण, झेंडू, वाती. अध्यक्ष मागोमाग आले होते. झालेली चूक दुरुस्त करायची त्यांना घाई झाली होती. "ए, उठ," ते तिला म्हणाले, "ये जगह इनकी है."

त्या बाईने का, म्हणूनही विचारलं नाही. मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि टोपली आवरायला लागली.

"इनके उठाव मत, भिया," सुगनबाई म्हणाली. "उठनो कसो लगे, म्हके मालम हे."

तिने माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला आणि एकेक पायरी धरत खाली गेली. अगदी शेवटच्या पायरीवर, पाण्यालगत, जिथे चिखल असतो आणि गिऱ्हाईक थांबत नाही, तिथे जाऊन ती बसली. आत्याची वात अजून माझ्या पिशवीतच होती.

"मॅडम, इधर देखिए," वरून कुणीतरी हाक मारली. "शाल के साथ एक फोटो."

मी वर बघितलं. तो फोटो समितीने नंतर मला पाठवला. त्यात मी हसते आहे.